अंगावरचे नेपथ्य

आज मराठीत ‘नेपथ्य’ म्हटले की रंगमंचावरच्या भिंती, दारे, खिडक्या, जिना आणि मध्यभागी मांडलेला तो ठरलेला कोच डोळ्यांपुढे येतो. नाटकाच्या जाहिरातीत नेपथ्यकाराचे नाव निराळे असते, वेशभूषाकाराचे निराळे असते, आणि त्याचे कोणाला नवल वाटत नाही. पण संस्कृतात हा शब्द मुळात भिंतींचा नव्हेच. नेपथ्य म्हणजे नटाचा वेष, त्याचा साजशृंगार. आणि त्यावरून पुढे, जेथे हा साज चढवावयाचा ती पडद्यामागची जागा. ‘शाकुंतला’च्या प्रारंभी सूत्रधार त्या जागेकडे पाहून नटीला हाक मारतो आणि नेपथ्य आटोपले असेल तर बाहेर ये, असे सांगतो. ती बिचारी आत काही सुतारकाम करीत नव्हती. ती नटत होती.

आणि ‘नटणे’ हे आपले क्रियापद तरी काय सांगते? नवी साडी नेसून, केसांत गजरा माळून आरशापुढे उभ्या राहिलेल्या मुलीला आजी म्हणते, “किती नटशील गं!” त्या मुलीला नाटकात काम करावयाचे नसते. तरी आपल्या भाषेने वेष करणे आणि नट होणे या दोन गोष्टी एकाच धातूत बांधून ठेवल्या आहेत. भाषेला जे कळले ते आपल्या नाट्येतिहासाला मात्र पुरते कळले नाही, असे मला वाटते. आपल्या इतिहासग्रंथांतून नाटककार आहेत, नट आहेत, गायक आहेत, पदे आणि चाली आहेत, पडदे रंगविणारे चित्रकारही आहेत. पण ज्याच्यावाचून नट रंगमंचावर पाऊल टाकू शकत नव्हता, त्या वस्त्राची हकिकत दोनचार आख्यायिकांत आटोपलेली असते. म्हणून नेपथ्य हा शब्द अंगावरून उतरून भिंतीवर कसा जाऊन बसला, याचा थोडा मागोवा येथे घ्यावा, असा विचार आहे.

भरताने अभिनयाचे चार प्रकार सांगितले: आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक. अंगाने करावयाचा, वाणीने करावयाचा, मनाच्या सत्त्वाने करावयाचा. आणि चौथा आहार्य, म्हणजे बाहेरून आणलेला. वेष बाहेरून आणावयाचा खरा, पण भरताने त्याला अभिनयातच बसविले, अभिनयाच्या बाहेर ठेवले नाही, ही गोष्ट पुन्हा पुन्हा ध्यानात घेण्याजोगी आहे. या आहार्याचे त्याने आणखी चार भाग केले. पुस्त म्हणजे बांबू, कातडे, कापड यांची बनविलेली डोंगर, रथ, विमाने इत्यादी. अलंकार म्हणजे फुले, दागिने आणि वस्त्रे. अंगरचना म्हणजे अंगाला आणि तोंडाला रंग लावणे. आणि सजीव म्हणजे रंगमंचावर आणावयाचे प्राणी. आज आपण ज्याला नेपथ्य म्हणतो ते या हिशेबात केवळ ‘पुस्त’ ठरते. एकूण नेपथ्याचा एक चतुर्थांश. बाकीचे तीन चतुर्थांश शरीराशी निगडित आहेत.

‘नाट्यशास्त्रा’चा कर्ता नुसता पंडित नव्हता, पडद्यामागे वावरलेला माणूस होता, हे या प्रकरणातल्या बारीकसारीक सूचनांवरून उघड दिसते. नटाला फार आणि जड दागिने घालू नयेत, असे तो बजावतो. कारण काय? तर त्यांच्या ओझ्याने नट थकतो आणि त्याला हालचाल करता येत नाही. म्हणून दागिने सोन्याचे न करता लाखेचे, हलके, वर थोडे खडे बसवलेले असे करावेत. वस्त्रांचे तो तीन वर्ग करतो: शुद्ध, विचित्र आणि मलिन. देवकार्याला, मंगलप्रसंगाला शुद्ध. राजे, विलासी पुरुष यांना रंगीबेरंगी. आणि वेडे, दारूने झिंगलेले, वाटसरू आणि संकटाने गांजलेले यांना मळके. मळका वेष हाही वेषच असतो, त्यालाही योजना लागते, हे तत्त्व यात आलेले आहे. त्याची आठवण पुढे आपल्याला होणार आहे.

या तत्त्वाचे सर्वांत सुंदर उदाहरण कालिदासाने लिहून ठेवले आहे. ‘शाकुंतल’ हे नाटक तीन वेषांत सांगता येईल. पहिल्या अंकात शकुंतला वल्कले नेसून झाडांना पाणी घालते, आणि प्रियंवदेने वल्कल फार आवळून बांधले अशी तक्रार करते. चौथ्या अंकात ती सासरी निघते तेव्हा तपोवनातली झाडेच तिला रेशमी वस्त्र, पायाला लावावयाचा अळिता आणि दागिने देतात. आणि सातव्या अंकात, दुष्यंताने नाकारल्यानंतर कित्येक वर्षांनी, ती धुळीने मळलेली वस्त्रे नेसून आणि केसांची एकच वेणी घालून समोर येते. राजा तिला ओळखतो आणि प्रेक्षकही तिचे सारे मधले आयुष्य त्या एका वेषावरून ओळखतात. कालिदासाने त्या वर्षांचे वर्णन करण्याचे कष्ट घेतले नाहीत. ते काम त्याने कपड्यांवर सोपविले. वेषयोजना ही कला आहे की नुसती सजावट, असा प्रश्न कोणी विचारला, तर त्याला मी हा सातवा अंक दाखवीन.

ही झाली शास्त्राची गोष्ट. आता आपल्या अंगणात यावे.

५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीत विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ केले. सांगलीचे अधिपती चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांनी आदल्या वर्षी कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचा खेळ पाहिला होता, आणि तसाच पण अधिक नेटका खेळ आपल्याकडे व्हावा अशी त्यांची इच्छा होती. भाव्यांच्या रंगभूमीवर देखावा असा जवळजवळ नव्हताच. सूत्रधार आणि त्याचे साथीदार उभे राहून पदे म्हणत, आणि पात्रे येऊन त्यातला भाव करून दाखवीत, संभाषणे आयत्या वेळी जुळवीत. विदूषक येई, सोंडेचा गणपती येई, मोराची आकृती कमरेला बांधून सरस्वती नाचत येई, आणि मग आरोळ्या ठोकीत राक्षस येत. या राक्षसांच्या ‘अललडुर्र’ अशा आरोळीवरून त्या नाटकांचे नावच पुढे थट्टेने अललडुर्र नाटके असे पडले.

या थट्टेत एक गोष्ट झाकली गेली. मागे डोंगर नाही, राजवाडा नाही, वन नाही, अशा उघड्या जागेत प्रेक्षकाला मिथिला आणि लंका दिसावयाची ती केवळ किरीट, कवचे, रंगवलेली तोंडे आणि पितांबर यांतूनच. स्थळ, काळ, जात, स्वभाव, देवत्व आणि असुरत्व हे सगळे नटाच्या अंगावर लिहिलेले असे. सिंधुदुर्गात आणि गोव्यात देवळाच्या जत्रेला दशावतारी खेळ होतो तो ज्यांनी पाहिला आहे त्यांना याची खूण लगेच पटेल. तेथे काळ्या वेषातला, लांब तांबड्या जिभेचा संकासुर येतो तेव्हा तो कोण हे पोरासोरांनाही सांगावे लागत नाही. अशा रंगभूमीवर नेपथ्य हा शब्द अजून अंगावरच होता.

चिंतामणराव १८५१ साली वारले आणि भाव्यांच्या मंडळीचा राजाश्रय सुटला. मग ती गावोगाव फिरू लागली. १८५३ साली मुंबईतही तिचे खेळ झाले. फिरत्या मंडळीबरोबर पेटारे आले. नाटक कंपनीचा कपडेपट म्हणजे हे पेटारे, आणि ते सांभाळणारा माणूस. बैलगाडीत, पुढे आगगाडीत, पावसात, कसरीपासून, उंदरांपासून आणि नटांच्या घामापासून कपडे जपणे हे त्याचे काम. शिंपी, पगडबंद, दागिने ओवणारा पटवेकरी, जोडे शिवणारा चांभार, असे किती हात या पेटाऱ्यांत गुंतलेले असत! नाट्येतिहासाच्या पानांवर यांची नावे फारशी सापडत नाहीत. ज्या समाजाने नटालाच बराच काळ पंगतीबाहेर ठेवले, त्याने नटाच्या शिंप्याची दखल घ्यावी अशी अपेक्षा तरी कशी करावी?

१८६१ साली विनायक जनार्दन कीर्तने यांनी ‘थोरले माधवराव पेशवे’ हे नाटक लिहिले आणि वेषापुढे एक नवाच प्रश्न उभा राहिला. इंद्राचा किरीट कोणी पाहिलेला नसतो; त्यामुळे तो कसाही चालतो. पण पेशवाई जाऊन तेव्हा पुरती पन्नास वर्षेही झाली नव्हती. चक्री पगडी, अंगरखा आणि शेला अंगावर वागविलेली माणसे प्रेक्षकांत बसलेली असणे सहज शक्य होते. म्हणजे आता वेष कल्पनेवर सोडून चालणार नव्हते. तीच गोष्ट १८९९ साली देवलांच्या ‘शारदा’ नाटकाने आणखी पुढे नेली. त्यात देव नव्हते, राजे नव्हते. प्रेक्षकांच्या घरातलीच माणसे होती. बोहल्यावर चढू पाहणारा जख्ख म्हातारा भुजंगनाथ नवरदेवाच्या थाटात समोर आला की हसू येते आणि अंगावर काटाही येतो. कारण तो थाट आपण कोणत्या तरी लग्नात खरोखर पाहिलेला असतो. नाटकवाल्याच्या कपड्याला आता पहिल्यांदाच परीक्षक भेटला, आणि तो परीक्षक म्हणजे स्त्रियांच्या भागात बसलेली कोणीही गृहिणी होती.

या दोहोंच्या मध्ये ३१ ऑक्टोबर १८८० हा दिवस येतो. पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतला’चे पहिले चार अंक संगीतात केले. पारशी मंडळीचा ‘इंद्रसभे’चा खेळ पाहून त्यांना ही स्फूर्ती झाली, हे सर्वश्रुत आहे. पारशी रंगभूमीचे मखमल, साटीण, चमकी आणि जर हे सगळे त्याच वाटेने आपल्याकडे आले. या भपक्यावर पुढे पुष्कळ टीका झाली आणि ती अगदीच अस्थानी नव्हती. पण त्यामागे एक व्यवहारही होता. तेव्हाची नाटके तेलाच्या दिव्यांवर होत, पुढे किटसनच्या बत्त्या आल्या, वीज तर फार उशिरा आली. दिव्याच्या पिवळसर उजेडात निळा रंग काळवंडतो, तांबडा आणि केशरी उठून दिसतात, आणि जर तर थोड्याशाही प्रकाशाला धरून तो परत फेकते. मागच्या रांगेतल्या माणसाला नायिकेचा हात कोठे वळला हे कळावयाचे ते काठपदरावर हललेल्या त्या रेघेवरून. जर ही श्रीमंती होती तशीच ती एक प्रकारची प्रकाशयोजनाही होती. विजेच्या झगझगाटात तीच जर बटबटीत दिसू लागली यात जरीचा दोष नाही.

१८८२ साली किर्लोस्कर मंडळीत बडोद्याहून भाऊराव कोल्हटकर आले आणि सुभद्रा झाले. स्त्रियांची कामे पुरुषांनी करण्याच्या त्या काळात वेषाकडे किती मोठी कामगिरी होती, याचा विचार करून पाहावा. युरोपातल्या नाटकाचा पोशाख हा मुख्यतः कात्रीचा आणि सुईचा खेळ आहे. तेथे कापड बेतले जाते, शिवले जाते, आणि शिवलेला झगा खुंटीवर टांगला तरी त्याचा आकार शिल्लक राहतो. आपले लुगडे म्हणजे नऊ वार लांबीचे सरळ, न कापलेले वस्त्र. पेटीत असते तेव्हा ती नुसती घडी. कमरेशी गाठ, पुढे निऱ्या, मागे कासोटा, छातीवरून खांद्यावर पदर, हा सारा आकार दररोज रात्री नव्याने घडवावा लागतो आणि पहाटे सोडून टाकावा लागतो. निरी एक बोट खाली आली की चाल बदलते, पदराचा ताण बदलला की वय बदलते. विधवेचा पदर, नव्या नवरीचा पदर, मोलकरणीचा खोचलेला पदर, ही प्रत्येक रचना वेगळी आहे. हे ज्ञान कोणत्याही पाठशाळेत मिळत नव्हते. ते घराघरांतल्या बायकांच्या बोटांत होते. ज्यांना रंगमंचावर पाऊल टाकण्याची मुभा नव्हती, त्यांच्याच विद्येवर ही रंगभूमी उभी होती, हे आपण उघडपणे म्हटले पाहिजे.

याच सुमारास एका चित्रकाराने देवादिकांना लुगडी नेसवली. राजा रविवर्मा त्रावणकोरचे. पण त्यांच्या चित्रांतल्या कितीतरी स्त्रिया महाराष्ट्रीय पद्धतीने नेसलेल्या दिसतात. १८९४ साली त्यांनी मुंबईत शिळाछापखाना काढला आणि ही चित्रे घरोघरी भिंतींवर लागली. सरस्वती कशी बसते, दमयंती कशी उभी राहते, पदर वाऱ्यावर कसा जातो, याचे नमुने लोकांच्या डोळ्यांत ठसले. रंगभूमीने चित्रांकडून घेतले आणि चित्रांनी रंगभूमीकडून घेतले. कोणी कोणाचे किती घेतले याचा हिशेब आता लागणार नाही. इतके खरे की विसाव्या शतकाच्या आरंभी प्रेक्षक नाटकगृहात येई तेव्हा रुक्मिणी कशी दिसावयास हवी याचे चित्र घरूनच घेऊन येई.

त्या चित्रात ज्यांनी प्राण घातला ते नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व. ते १९०५ साली किर्लोस्कर मंडळीत आले आणि १९१३ साली त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. त्यांच्या गाण्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यांच्या शालूंविषयी पुष्कळ सांगितले गेले आहे. भरजरी शालू आणि पैठण्या, खरे दागिने, अत्तरे, ताज्या फुलांच्या वेण्या. हलक्या लाखेच्या दागिन्यांची भरताची सूचना येथे साफ बाजूला पडली. त्यांच्या नेसण्याची, केशरचनेची नक्कल घरंदाज बायका करू लागल्या, ही तर त्या काळाच्या आठवणींतून पुन्हा पुन्हा येणारी गोष्ट आहे. म्हणजे बायकांच्या बोटांतली विद्या एका पुरुषाने उचलली, तिला वळण दिले, आणि बायकांनी ती त्याच्याकडून परत घेतली! या देवघेवीकडे कौतुकाने पाहावे की खेदाने, हे ज्याचे त्याने ठरवावे. मला दोन्ही वाटते.

आणखी एक गंमत पाहा. बालगंधर्वांची भामिनी गाजली ती १९११ सालच्या ‘मानापमाना’त. खाडिलकरांचे हे नाटक कशावर आहे? धनापेक्षा शौर्य मोठे, यावर. दागिन्यांनी मढलेला भित्रा लक्ष्मीधर हा त्यातला हास्याचा विषय आहे. श्रीमंतीच्या तोऱ्यात धैर्यधराला झिडकारणारी भामिनी गरीब वनमाला होऊन त्याच्यापुढे येते तेव्हाच तिचे मन शुद्ध होते. म्हणजे सारे नाटक वेष उतरविण्याचे आहे, आणि लोक ते पाहावयास येत होते ते वेष पाहण्यासाठी! ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी मुंबईत मिळून हेच नाटक केले. त्याच महिन्याच्या अखेरीस, ३१ जुलैला, मुंबईतच गांधीजींच्या हस्ते परदेशी कापडाची मोठी होळी झाली. कोणी काय नेसावे हा प्रश्न रंगमंचावरून रस्त्यावर आला होता. अशा दिवसांत भामिनी आणि वनमाला यांच्यांतला फरक प्रेक्षकांना केवळ नाटकातला वाटला असेल, असे मला वाटत नाही.

पण बालगंधर्वांच्या वेषकलेचा कळस शालूत नाही. तो ‘एकच प्याला’तल्या सिंधूच्या फाटक्या लुगड्यात आहे. गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी गेले, आणि महिनाभरातच, २० फेब्रुवारीला, बडोद्यास हे नाटक रंगभूमीवर आले. पहिल्या अंकातली सुखवस्तू घरची सून अंकागणिक उतरत जाते. अखेरीस ठिगळाच्या लुगड्यात ती दळण दळते. ज्यांच्या अंगावर लोकांनी हजारांचे शालू पाहिले होते, ते बालगंधर्व त्या ठिगळाच्या लुगड्यात उभे राहिले. त्या ठिगळाचा आघात इतका का झाला? कारण ते ठिगळ एकट्या सिंधूचे नव्हते; प्रेक्षकांच्या मनात जपलेल्या भामिनीच्या आणि रुक्मिणीच्या शालूवर ते लागलेले होते. संकटाने गांजलेल्यांचा वेष मलिन असावा हे भरताचे वचन येथे पाळले गेले; आणि सातव्या अंकातली धुळीने मळलेली शकुंतला, जणू नाव बदलून, पुन्हा उभी राहिली. ज्या नटाला श्रीमंती इतकी प्रिय होती त्यानेच दारिद्र्याचा वेष इतक्या प्रामाणिकपणे अंगावर घ्यावा, यातच तो केवळ शोभेचा षौकीन नव्हता, कलावंत होता, याचा पुरावा आहे.

पुढच्याच वर्षी, १९२० साली, ‘द्रौपदी’ आले. मयसभेचा देखावा, राजवेष आणि सगळाच डामडौल. पैसा पाण्यासारखा गेला. अशा खर्चापायी मंडळी कर्जात बुडाली आणि ते फेडण्यात बालगंधर्वांच्या उमेदीची वर्षे गेली. वस्त्रे पुरविण्याची गोष्ट जिच्या नावावर आहे त्या द्रौपदीचेच नाटक करताना मंडळीची वस्त्रे अपुरी पडावीत, यापेक्षा विदारक योगायोग कोणता! तरी त्या कर्जाचा सारा बोजा शालूंवर टाकणे न्यायाचे नाही. त्याच काळात रंगमंचाची मागची बाजू भराभर वाढत होती. कोल्हापुरात आनंदराव आणि बाबूराव हे पेंटर बंधू नाटकांचे पडदे रंगवीत होते. केशवराव भोसल्यांच्या ललितकलादर्शमध्ये पु. श्री. काळे यांनी देखाव्यांत नवे युग आणले. रस्ता रस्त्यासारखा, दिवाणखाना दिवाणखान्यासारखा दिसू लागला. माझ्या मते ‘नेपथ्य’ शब्दाने स्थलांतर केले ते याच सुमारास. स्थळ सांगण्याचे जे काम पूर्वी अंगावरचे कापड करीत होते ते आता मागच्या कापडाने घेतले. पुस्ताने आपला चतुर्थांश सोडून सारे घर बळकावले, आणि अलंकार व अंगरचना यांना ‘वेशभूषा’ आणि ‘रंगभूषा’ अशा दोन नव्या खोल्या काढून दिल्या.

१ जुलै १९३३ रोजी नाट्यमन्वंतर संस्थेने मुंबईत ‘आंधळ्यांची शाळा’ केले. त्यात ज्योत्स्ना भोळे आणि पद्माबाई वर्तक यांनी स्त्रीभूमिका केल्या. स्त्रिया त्याआधीही रंगभूमीवर आल्या होत्या. पडद्यावर तर १९१३ सालीच फाळक्यांच्या ‘मोहिनी भस्मासुरा’त दुर्गाबाई कामत आणि कमलाबाई गोखले दिसल्या होत्या. पण नाट्यमन्वंतराने घरातल्या खोलीत घरातल्या कपड्यांतली बाई उभी केली. आता लुगड्याला पुरुषाचे खांदे झाकावयाचे नव्हते की जरीला बत्तीचा उजेड धरावयाचा नव्हता. कपडे नैसर्गिक झाले आणि तेव्हापासून ते कोणाच्या नजरेला येईनासे झाले. नैसर्गिक दिसणाऱ्या कपड्यामागेही निवड असते, रंगांचा हिशेब असतो, पात्राच्या मिळकतीचा आणि मनाचा अंदाज असतो. पण ‘घरून साडी घेऊन या’ असे नटीला सांगण्याची जी पद्धत पुढे रूढ झाली, तिने या साऱ्यावर बोळा फिरविला. ऐतिहासिक आणि पौराणिक नाटकांसाठी ड्रेपरीवाल्याकडून भाड्याचे कपडे आले. तेच अंगरखे आज बाजीरावाला, उद्या संभाजीला! कपडेपट गेला, पेटारे गेले आणि वेष हा नाटकाबरोबर जन्माला येण्याऐवजी नाटकाआधीच तयार असू लागला.

तरीही ही विद्या मेली नाही. १९६२ साली अत्र्यांचे ‘तो मी नव्हेच’ आले. प्रभाकर पणशीकरांनी एकाच रात्री पाच रूपे घेतली. निपाणीचा तंबाखूचा व्यापारी लखोबा लोखंडे त्यांतला एक. फिरता रंगमंच फिरे तेवढ्या अवधीत एक माणूस उतरवून दुसरा चढवावयाचा. लोक फिरत्या रंगमंचाचे कौतुक करीत. पण तो फिरत असताना पडद्यामागे बटणे, टोप्या आणि मिशा घेऊन उभ्या असलेल्या हातांवर ते नाटक तितकेच तोललेले होते. आणि पाहा, त्या नाटकाचा विषयही हाच: माणूस कोण आहे हे आपण त्याच्या कपड्यांवरून ठरवितो, आणि फसतो.

मग १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’ झाले. दिग्दर्शन जब्बार पटेलांचे. रंगमंचावर पेशवाईतले पुणे उभे करावयाचे होते आणि भिंत एकही नव्हती. एकसारख्या वेषातले ब्राह्मण ओळीने उभे राहिले. ते वळले की भिंत झाली, फुटले की वाट झाली, डोलले की उत्सव झाला. वाडा त्यांच्याच अंगांचा, गल्लीही त्यांच्याच अंगांची. माणसे भिंत झाली की तिच्याआड काय चालते, हे त्या नाटकाचे म्हणणे त्या रांगेनेच सांगितले. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी सांगलीला जसे सारे नटाच्या अंगावर लिहिलेले होते तसेच ते पुन्हा तेथे आले. शब्दाला जो प्रवास घडला होता तो उलटा फिरला, आणि नेपथ्य भिंतीवरून उतरून अंगावर आले.

या कथेला आणखी एक धागा आहे आणि तो कोल्हापूरचाच आहे. ज्या गावाने पडदे रंगविणारे पेंटर बंधू दिले त्याच गावात १९२९ साली भानू राजोपाध्ये यांचा जन्म झाला. त्यांचे वडील चित्रकार. त्या स्वतः मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकल्या. भानू अथय्या या नावाने त्यांनी चित्रपटांची वेशभूषा केली, आणि ‘गांधी’ या चित्रपटासाठी १९८३ साली जॉन मोलो यांच्यासह त्यांना ऑस्कर मिळाले. ऑस्कर मिळविणारी पहिली भारतीय व्यक्ती म्हणजे वेष बेतणारी एक मराठी बाई, हे आपल्यापैकी किती जणांना चटकन आठवते? २०१२ साली त्यांनी ते मानचिन्ह अमेरिकेतल्या अकादमीकडे परत सोपविले. आपल्यामागे ते सुरक्षित राहावे म्हणून. २०२० साली त्या गेल्या.

ही शेवटची गोष्ट मला फार बोचते. एक सोनेरी पुतळी सांभाळण्याचा भरवसा जेथे वाटला नाही, तेथे नऊ वारांच्या घडीची काय कथा! गायकाची तबकडी राहते, नाटककाराची संहिता राहते; वस्त्र मात्र घामाने, घडीने, कसरीने आणि विसरभोळेपणाने संपते. जुन्या मंडळ्यांची छायाचित्रे आपल्याकडे आहेत. पण ती काळीपांढरी आहेत. भामिनी उभी आहे, पदर आहे, काठ आहे; रंग गेलेला आहे. आज जे कपडे कोठे कोठे उरले असतील, नटांच्या वारसांच्या कपाटांत, एखाद्या नाट्यसंस्थेच्या माळ्यावर, ड्रेपरीच्या दुकानातल्या तळाच्या पेटीत, ते नीट पाहून, मोजून, कोणी नेसले, कोणी शिवले, कोणी बांधले एवढे लिहून ठेवण्यास फार पैसा लागणार नाही. त्यासाठी ते कपडे म्हणजे नाटकाचे अवशेष नसून नाटकाचा एक भागच आहेत, एवढे मानले म्हणजे झाले. भरताने ते मानले होते, कालिदासाने त्यावर एक अख्खा अंक उभा केला, आणि फाटक्या लुगड्यातल्या सिंधूपुढे बसून रडणाऱ्या आपल्या पणजीने तर ते कोणी न सांगताच ओळखले होते.